धोतराची गाठ आणि कर्करोग

कर्करोगाचे मूळ माणसाच्या नित्याच्या सवयीतही असू शकते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. भारतीय रुग्णांच्या बाबतीत ते सूक्ष्मदर्शकाखाली पडताळून दाखविण्यात डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला. लंडनहून विकृतिशास्त्रातील पदवी घेऊन ते परतले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले, आणि १९४१ मध्ये परळला टाटा रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

१९४५ साली त्यांनी सहकाऱ्यासह लिहिलेला निबंध आजही वाचनीय आहे. कमरेला धोतर करकचून बांधणाऱ्यांच्या कातडीवर, जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूवर, खैनी ओठाआड ठेवणाऱ्यांच्या नेमक्या त्याच खाचेत हा रोग उद्भवतो, असे त्यांनी दाखविले. रोगाची जागा रूढीने ठरविली होती! पुढे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

त्यांच्या हयातीतच, १९७१ मध्ये, बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी निराळी वाट सुचविली. गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात; त्या फुटूच दिल्या नाहीत, तर गाठीची उपासमार होईल. प्रारंभी या कल्पनेची उपेक्षाच झाली. वाहिन्यांना वाढीचा संदेश देणारे प्रथिन बांधून टाकणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध पुढे निघाले, आणि २००६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावरील अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या रसायनांना या औषधाची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान १०.३ महिन्यांवरून १२.३ महिन्यांवर गेले. तेही सर्वांसाठी नव्हे. या रोगाच्या एका प्रकारात फुप्फुसातून रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने ते रुग्ण वगळावे लागले.

हे दोन महिने क्षुल्लक नव्हेत. परभणीहून रात्रभर प्रवास करून परळ गाठणाऱ्या कुटुंबाला त्यांचे मोल कोणी सांगावे? परंतु त्या दोन महिन्यांसाठी शिक्षकाची वा कारकुनाची आयुष्यभराची शिल्लक रिती होऊ शकते. उलट खानोलकरांनी दाखविलेल्या मार्गाला सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढेच भांडवल पुरले. फुप्फुसाचा प्रत्येक रुग्ण तंबाखूचाच बळी असतो असे नव्हे; बहुसंख्य मात्र असतात. तरीही तंबाखूमिश्रित गुटख्यावर महाराष्ट्रात बंदी आली ती २०१२ मध्ये, खानोलकरांच्या त्या निबंधानंतर तब्बल ६७ वर्षांनी.