वाचता न येणारा थिएटरवाला

अलेक्झांडर पँटेजेस हे त्याचं खरं नाव नव्हे. अँड्रॉस या ग्रीक बेटावर जन्मलेला हा पेरिक्लिस. सिकंदर भारी वाटला, म्हणून त्याने नावच बदललं! वडिलांबरोबर इजिप्तला गेला आणि लहान वयातच तिथून जहाजावर पळाला. पुढे पनामात मजुरी, मलेरिया, सॅन फ्रान्सिस्कोत वेटरगिरी, मध्येच बॉक्सिंग. शाळा अशी नाहीच. लिहिता-वाचता त्याला जेमतेमच यायचं म्हणतात.

१८९७च्या सुमारास कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्याची बोंब झाली, तसा हाही धावला. सोन्याने हात दिला नाही. पण सोनं सापडलेल्यांना रात्री करमणूक लागते, हे त्याने बरोबर हेरलं आणि डॉसन शहरात थिएटर चालवायला घेतलं. केट रॉकवेल ही नर्तकी तिथे खाणकामगारांची लाडकी. दोघं एकत्र राहू लागले. तिच्या कमाईचा पैसाही त्याच्या धंद्यात गेला.

१९०२ मध्ये सिएटलला क्रिस्टल थिएटर निघालं. तिकीट फक्त १० सेंट. एका तिकिटात गाणी, नाच, विनोद, कसरती, शिकवलेले प्राणी, म्हणजेच व्हॉडेव्हिल. बाहेर रांग वाढली की हा आतला कार्यक्रम आखडता घ्यायचा, म्हणजे पुढचं पब्लिक लवकर आत! बघता बघता अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि कॅनडात त्याच्या नावाची राजवाड्यासारखी थिएटर्स उभी राहिली.

त्याच्या यशोगाथेत एक गोष्ट हमखास दोन ओळींत उरकतात. मी मात्र तिथेच अडकले. १९०५ मध्ये त्याने लग्न केलं, पण केटशी नाही. लॉइस मेंडेनहॉल या व्हायोलिनवादकाशी. लग्नाचं वचन मोडलं म्हणून केट कोर्टात गेली. शेवटी तडजोडीवर भागलं.

१९२९ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलीने त्याच्यावर बलात्काराची तक्रार केली. ज्युरीने दोषी ठरवलं, ५० वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. मुलीच्या चारित्र्याबद्दलचे पुरावे ऐकायला हवे होते, असं वरच्या कोर्टाने म्हटलं आणि खटला पुन्हा चालला. १९३१ मध्ये तो निर्दोष सुटला. खरं काय घडलं, यावर आजही वाद आहेत. पण आरोप त्याच्यावर आणि तपासणी तिची, हे वाचताना जुनं अजिबात वाटत नाही.

तोवर बरीचशी थिएटर्स हातची गेली होती. १९३६ मध्ये तो वारला. हॉलिवूडमधल्या थिएटरवर मात्र पँटेजेस ही अक्षरं आजही झळकतात, आत म्युझिकल्स लागतात. केट १९५७ पर्यंत जगली, ओरेगॉनमध्ये.