लक्ष्याचं कुणी खरं मानेना!

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये ‘मुंज्या’ लागला की पोरं शिट्ट्या मारतात. मीही मारतो. पण मित्रांनो, भुताच्या विनोदी पिक्चरमध्ये माझा पहिला नंबर ‘झपाटलेला’चाच. आणि तोही तात्या विंचूमुळे नाही, लक्ष्यामुळे! परवा मेसमध्ये यावरून वाद झाला. लक्ष्या म्हणजे नुसती वेडीवाकडी तोंडं, असं एकाचं मत पडलं. म्हणून हा लेख.

लक्ष्मीकांत बेर्डे १९५४ चा, मुंबईचा. गिरगावच्या गणेशोत्सवातल्या नाटकांतून नाद लागला. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत बारीकसारीक भूमिका केल्या. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’ने नाव झालं. पुढे १९८५ ला ‘धूमधडाका’, १९८८ ला ‘अशी ही बनवाबनवी’, १९८९ ला ‘मैंने प्यार किया’... हे तुम्हाला पाठ आहे.

मला थांबायचंय ते १९९२ पाशी. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’, लेखन पु. लं.चं. लक्ष्या त्यात तमाशातला सोंगाड्या झाला, आणि काय झालाय! जाणकारांनी वाखाणलं, चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण पब्लिक फिरकलं नाही. त्यांना हसवणाराच लक्ष्या हवा होता.

लगेच १९९३ ला महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी पिक्चरवरून सुचलेली. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला येतो भोळ्या लक्ष्याच्या घरी. बाहुला बोलतो हे लक्ष्या जीव तोडून सांगतो, पण हा मुळातच खुळा, म्हणून कुणी खरं मानत नाही. आपण हसतो, पण त्याचे डोळे बघा. तो खरोखर घाबरलेला आहे. समोर बाहुला, तरी भीती अस्सल! आजच्या पिक्चरांत कॉम्प्युटरने काढलेलं भूत झकास असतं, हिरो मात्र मनातून घाबरत नाही. तिथंच गाडी अडते.

हे मला एवढं का लागतं, तेही सांगतो. गॅदरिंगमध्ये मिमिक्री करणारा तो मीच. सेकंड इयरला एका रात्री गावाहून, पळसदेवहून फोन आला. वडिलांना इंदापूरला ॲडमिट केलं होतं. मी रूमवर येऊन सांगितलं, तर तिघेही खो खो हसले. त्यांना वाटलं, नवीन आयटम आहे. त्यांची काय चूक म्हणा! बॅग भरायला लागलो तेव्हा कुठं गप्प झाले. एकाने न बोलता स्टँडपर्यंत सोडलं.

वडील बरे झाले. पुढं उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं, पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं. दिवसभर ते बघायला आलेल्यांची गर्दी, आणि रात्री घरी टीव्हीवर ‘झपाटलेला’. लक्ष्या आईला बाहुल्याचं पटवू लागला तेव्हा वडील हसत होते, मला मात्र हसू येईना.

१६ डिसेंबर २००४ ला किडनीच्या आजाराने लक्ष्या गेला, अवघ्या पन्नाशीत. २०१३ ला ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. तात्या विंचू परत आला, पण त्याला घाबरायला लक्ष्या नव्हता.