काठी मोडत नाही, उजेड वळतो : इब्न अल-हैसम यांची कहाणी

भंडारा जिल्ह्यात लहानाचे मोठे झालेल्या कुणालाही या गोष्टी ठाऊक आहेत. बोडीच्या पाण्यात काठी तिरपी धरली की ती मोडल्यासारखी दिसते. कवेलूंमधली बारीक फट कितीही वाकडीतिकडी असो, जमिनीवर पडणारा कवडसा गोलच असतो. धानाच्या बांध्यांवर उगवणारा पुनवेचा चांद ताटाएवढा दिसतो, आणि डोक्यावर आला की वाटीएवढा. आपण बघतो आणि विसरून जातो. हजार वर्षांपूर्वी एका माणसानं मात्र याच गोष्टींचा पिच्छा पुरवला. त्यांचं नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. युरोप त्यांना अल्हाझेन म्हणून ओळखतो.

इ.स. 965 च्या सुमारास इराकमधल्या बसरा शहरात त्यांचा जन्म झाला. गणितात त्यांचं नाव झालं. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. नाईलच्या पुराला बांध घालून पाणी आवरता येईल, असं ते म्हणत. हे इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या कानावर गेलं आणि त्यानं त्यांना कैरोला बोलावलं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली आणि काम पुढे किती वर्षं चाललं, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. इथे तर यंत्रं नव्हती आणि नदी होती नाईल. इब्न अल-हैसम दक्षिणेत अस्वानपर्यंत गेले. वाटेत त्यांनी प्राचीन इमारती पाहिल्या. असं बांधकाम करणाऱ्यांनी नाईल अडवली नाही, म्हणजे ती अडवता येण्यासारखी नसावी, हे त्यांनी ओळखलं. परत येऊन त्यांनी आपली चूक कबूल केली.

खलिफा लहरी होता, जिवाची भीती होती. म्हणून त्यांनी वेडाचं सोंग घेतलं आणि 1021 मध्ये खलिफा जाईपर्यंत ते घरातच कोंडून राहिले, असं सांगतात. त्यांचा मोठा ग्रंथ ‘किताब अल-मनाझिर’, एकूण सात भागांचा, याच काळात तयार झाला असं मानलं जातं.

त्या ग्रंथात काय आहे? युक्लिड, टॉलेमी यांच्यासारखे मोठे ग्रीक विद्वान म्हणत, की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसतं. इब्न अल-हैसम यांनी साधा मुद्दा मांडला. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, आणि नजर वळवली तरी त्याचा ठसा काही वेळ राहतो. म्हणजे बाहेरचं काहीतरी डोळ्यात शिरतं. ते म्हणजे उजेड.

मग त्यांनी ते करून पाहिलं. अंधारी जागा घेतली, समोर बारीक छिद्र ठेवलं, पलीकडे वेगवेगळ्या जागी दिवे लावले. आत भिंतीवर जितके दिवे तितके ठिपके. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका जायचा. उजेड सरळ रेषेत चालतो आणि छिद्रात एकमेकांत मिसळत नाही, हे उघड झालं. आपला गोल कवडसा म्हणजे तरी काय? सूर्याचीच प्रतिमा. आणि काठी? पाण्यातून हवेत येताना उजेड वळतो, काठी सरळच असते. चांदाचं म्हणाल, तर तो मोठा होत नाही, अंतराचा अंदाज बांधताना आपलं मनच फसतं, असं त्यांनी सांगितलं.

त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. बघण्याचं काम डोळ्यातलं भिंग करतं असं त्यांना वाटे. प्रतिमा मागच्या पडद्यावर उमटते, हे केप्लरनं 1604 मध्ये दाखवलं. पण केप्लरपर्यंत वाट जात होती ती याच ग्रंथावरून. 1572 मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर बाझेलला छापलं गेलं होतं. इब्न अल-हैसम स्वतः मात्र 1040 च्या सुमारास कैरोत वारले. शेवटची वर्षं जुने गणिताचे ग्रंथ नकलून विकायचे आणि त्यावर पोट भरायचे, असं म्हणतात.

आपल्याकडे त्यांचं नाव मोबाईलवर अभिमानानं फिरतं. अभिमान असावा, त्यात गैर काही नाही. पण त्यांनी टॉलेमीसारख्याच्याही चुका दाखवणारं पुस्तक लिहिलं, आणि स्वतःची चूक तर खलिफासमोर मान्य केली. त्यांचं नाव घ्यायचं तर ही सवयही घ्यावी लागेल. मोठ्यांनी सांगितलं म्हणून नाही, पडताळून पाहिलं म्हणून मानायचं.

पुढचं सूर्यग्रहण आपल्याकडे दिसेल, तेव्हा कुसूफची नमाज झाल्यावर पोरांना कडुलिंबाखाली घेऊन जा. सूर्याकडे बघू देऊ नका, जमिनीकडे बघायला सांगा. पानांच्या फटींतून पडलेले सगळे कवडसे त्या दिवशी चंद्रकोरीसारखे दिसतील. ग्रहणातल्या या कोरीवर इब्न अल-हैसम यांनी वेगळा निबंधच लिहिला होता. असं का होतं, हे आधी पोरांनाच विचारा.