एमी जॉन्सन : अकरा हजार मैलांचे एकाकी उड्डाण

अंकगणिताच्या तासाला आपण अंतर, वेग आणि वेळ यांची उदाहरणे सोडवितो. त्यांतलेच एक घ्या. लंडनहून ठिकठिकाणी उतरत ऑस्ट्रेलियातील डार्विनपर्यंत जाणारा हवाई मार्ग सुमारे ११,००० मैलांचा, म्हणजे जवळजवळ १८,००० किलोमीटरांचा. विमानाचा वेग ताशी ८५ मैल. तर प्रवासास वेळ किती? उत्तर येते सुमारे १३० तास, म्हणजे साडेपाच दिवसांहूनही कमी. परंतु १९३० साली एमी जॉन्सन हिला त्यास १९ दिवस लागले. उरलेले दिवस कोठे गेले, हे तिचे चरित्रच सांगते.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करू लागली. तेथेच तिला विमानविद्येची गोडी लागली. केवळ विमान चालविण्यावर तिचे समाधान झाले नाही. तेलाने माखलेल्या हातांनी यंत्रे खोलून जोडण्याचे शिक्षणही तिने घेतले आणि १९२९ साली विमान-दुरुस्तीचा परवाना मिळविला.

५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती एकटीच निघाली. विमान जुनेच, विकत घेतलेले, नाव ‘जेसन’. पूर्वीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच! बगदादच्या वाटेवर धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात उतरविले. तरीही ती सहा दिवसांत कराचीस पोहोचली. १९२८ साली बर्ट हिंकलर याने साडेपंधरा दिवसांत डार्विन गाठले होते. कराचीपर्यंत एमी त्याच्या दोन दिवस पुढे होती.

पुढे इंधन संपत आल्यामुळे तिला झाशी येथे लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. ब्रह्मदेशात तर पावसात वाट चुकून ती रंगूनजवळील इनसेन येथे एका तांत्रिक विद्यालयाच्या मैदानावर उतरली आणि विमान खंदकात गेले. पंख फाटला, प्रॉपेलर मोडला. जादा प्रॉपेलर तिने बरोबर घेतला होता. पंख सांधण्यास विद्यालयातील मंडळी धावून आली. या दुरुस्तीत दोनतीन दिवस गेले आणि विक्रमाची आशा मावळली.

येथे थांबली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण ती निघाली. शेवटी अफाट तिमोर समुद्र ओलांडून २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली. विक्रम हुकला, तरी तिचे स्वागत करण्यास लोकांचे थवे लोटले.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याची विमाने तळांवर पोहोचविण्याचे काम तिने पत्करले. ५ जानेवारी १९४१ रोजी अशाच एका फेरीत थेम्स नदीच्या मुखाशी तिचा अंत झाला. तिचा देह सापडला नाही. तिचा ‘जेसन’ मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवला आहे.

२०१८ पासून लंडनहून ऑस्ट्रेलियातील पर्थपर्यंत विमाने कोठेही न थांबता सुमारे १७ तासांत जाऊ लागली. पृथ्वीवरील अंतर तेवढेच राहिले. वेळ मात्र आटला. मित्रहो, गणितातील विमान कधी बिघडत नाही. खऱ्या प्रवासात ते बिघडते, आणि तेव्हा शिकलेले हातच कामी येतात.