पंडिता रमाबाई आणि केडगावचा माळ

चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्याकडे आलात की संत्र्याच्या बागा लागतात. बाग लावली की पहिली काही वर्षं पैसा नुसता जातो, हे तुम्हाला सांगायला नको. असाच हिशेब मांडून पुणे जिल्ह्यात दौंडजवळच्या केडगावला एका बाईने शंभर एकर माळ घेतला होता. तिथे तिने विहिरी खोदल्या, संत्री, लिंबू, आंबा लावला. ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरायचं. १८७४ च्या सुमारास मद्रासकडच्या दुष्काळात आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई, पुढे थोरली बहीण. भूक काय असते ते ही मुलगी पुस्तकातून शिकली नाही.

पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लग्न झालं, पण दोन वर्षांत वैधव्य आलं. पदरात मनोरमा ही लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला. इथं लोकांचा गैरसमज होतो. त्या साहेबांच्या मागे गेल्या असं म्हणतात, पण तिथल्या धर्मगुरूंशीही त्यांचं पटत नसे. स्वतःच्या मनाला पटेल तेच मानीन, हा त्यांचा हेका. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन कशाला, संस्कृत अक्षरं घाला, असा आग्रह त्यांनी धरला. मांसाहारही केला नाही. धर्म आधी घेतला, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी सापडला, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत कबूल केली होती. त्यानंतर काय, म्हणून तर केडगावची बाग. पण १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रमाबाई खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करीत, मुली येऊन बसत. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. बाईंनी दार काही लावलं नाही. पालकांची धास्ती अगदीच खोटी होती असं म्हणता येत नाही, काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. पण लपवाछपवी नव्हती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मरणाऱ्या तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुली ठेवायला मनाई झाली, तेव्हा त्यांना केडगावच्या मोकळ्या माळावर तंबूत ठेवलं. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याने आपल्या वऱ्हाडालाही सोडलं नाही, ही संख्या दीड हजारावर गेली. पोरांचं काय, हा प्रश्न उरला. तो शेजारच्या दौंडला अल्बर्ट नॉर्टन या मिशनऱ्याने उचलला. हे नॉर्टन पूर्वी एलिचपूर भागात, म्हणजे आपल्या अचलपूरकडे, कोरकू लोकांत काम करून गेलेले.

एवढी तोंडं रोज जेवणार कशी? कुणी देईल ते घ्यायचं, बाकी देवावर, असा बाईंचा रिवाज. पण हात जोडून बसणं नाही. गायीगुरं, शेती, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवीत. अंध मुलींसाठी मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या. सरपंच मंडळींनी हे नीट पाहावं: विहीर आधी, इमारत मागाहून.

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषा अशी हवी की खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळावी. १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्याही दुःखात मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये ते पुस्तक निघालं, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलेलं.