ऑयलर आणि फर्माची संख्या

स्वित्झर्लंडमधील बाझल या नगरात १५ एप्रिल १७०७ रोजी लिओनार्ड ऑयलरचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही आपलाच मार्ग अनुसरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली या थोर गणितज्ञाने मुलाची असामान्य बुद्धी ओळखली व वडिलांचे मन वळविले. इ. स. १७२७ मध्ये हा तरुण रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीत दाखल झाला.

दोन वर्षांनी गोल्डबाख या मित्राने पत्राद्वारे एका जुन्या प्रश्नाकडे त्याचे लक्ष वेधले. २ ला २ ने गुणले की ४ येतात. ४ ला ४ ने गुणले की १६. पुढे याच रीतीने २५६ व ६५,५३६. या प्रत्येक संख्येत १ मिळविला असता ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने त्यांना निःशेष भाग जात नाही. ही मालिका कितीही वाढविली तरी मूळ संख्याच मिळतील, असे फ्रान्समधील प्रख्यात गणिती फर्मा याचे मत होते. सिद्धता मात्र त्याला देता आली नव्हती.

मालिकेतील पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय. एवढ्या प्रचंड संख्येला सहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहण्यास कोण धजणार? ऑयलरने केवळ कष्टांवर भिस्त ठेवली नाही. या संख्येचा जो कोणी मूळ भाजक असेल, त्याला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे, असे त्याने पुढे सिद्ध करून दाखविले. अशा मूळ संख्या थोड्याच : १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचवीने मात्र निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो! इ. स. १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ऑयलरने फर्माचे मत चुकीचे ठरविले.

म्हणून त्याने फर्माला कमी लेखले काय? मुळीच नाही. त्याच फर्माची अनेक विधाने सत्य असल्याचे पुढे ऑयलरनेच सिद्ध केले.

काही वर्षांतच त्याचा उजवा डोळा निकामी झाला आणि वार्धक्यात दुसऱ्याचीही दृष्टी गेली. इ. स. १७७१ मध्ये त्याच्या घराला आग लागली, तेव्हा पीटर ग्रिम नावाच्या त्याच्या गावच्या माणसाने त्याला उचलून बाहेर आणले. तरीही त्याचे कार्य थांबले नाही. मोठमोठी गणिते तो मनातल्या मनात सोडवी व इतरांकडून लिहून घेई. १८ सप्टेंबर १७८३ रोजी त्याचा मृत्यू झाला.

फर्माच्या मालिकेत त्या पाच संख्यांनंतर आजवर एकही मूळ संख्या आढळलेली नाही. थोरांचा आदर करावा; परंतु त्यांचे म्हणणेही पारखून घ्यावे, हेच ऑयलरने आपल्या कृतीने दाखवून दिले.