केशरी गाडीची किंमत किती?

मानोऱ्याला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची जुनी जीप उभी आहे. चाकं जमिनीत रुतलीत, मागच्या सीटवर मांजरीनं संसार थाटलाय. यंदा दिवाळीत सगळे जमलो तेव्हा विषय निघाला, ही विकायची तर कितीला? भंगारवाल्यानं किलोचा भाव सांगितला. चुलतभावानं मोबाइलवर तसल्याच एका जीपची जाहिरात दाखवली. तिथला आकडा ऐकून आजीनं चहाचा कप खाली ठेवला. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. मग खरा कुठला?

घरात कुणालाच सांगता येईना. म्हणून मी शोधायला बसले आणि शोधता शोधता थेट इंदूरला पोहोचले. तसं आपल्या वाशिम जिल्ह्याला इंदूर काही परकं नाही. पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला, खांडवा करत जुनी मीटरगेज लाईन इंदूरकडेच जायची. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आठवेल त्यांना. त्या इंदूरला एक राजा होऊन गेला. त्याची एक गाडी समजून घेतली, की जुन्या गाडीची किंमत कशी ठरते हे आपोआप कळतं. आणि माणसाची किंमत लोक किती वेळा चुकीची लावतात, हेही.

सतरा वर्षांचा राजा

नाव यशवंतराव होळकर. थांबा, इंग्रजांशी लढलेले, 1802 मध्ये पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांना हरवणारे यशवंतराव ते हे नव्हेत. ते पहिले, हे दुसरे. दोघांमध्ये शंभर वर्षांचं अंतर. घराणं मात्र तेच, नीरेकाठच्या होळ गावचं, मल्हाररावांचं आणि अहिल्यादेवींचं.

आपले यशवंतराव 6 सप्टेंबर 1908 ला जन्मले. शिक्षण इंग्लंडमध्ये, शेवटी ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात. पण गादी त्यांना फार विचित्र रीतीनं मिळाली. जानेवारी 1925 मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत मुमताज बेगम होती, जी आधी इंदूर दरबारात होती. धागेदोरे इंदूरपर्यंत गेले. चौकशीला सामोरं जायचं की गादी सोडायची, असा पेच वडील तुकोजीराव तिसरे यांच्यापुढे आला. त्यांनी फेब्रुवारी 1926 मध्ये गादी सोडली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. आपण ज्या वयात बारावीचं टेन्शन घेतो, त्या वयात हा पोरगा राजा झाला, तेही बदनामीच्या सावलीत.

इंग्रजांकडे राजांच्या किमतीचा तक्ताच होता बरं का. तोफांची सलामी! ग्वाल्हेरला 21, इंदूरला 19. कोण मोठा, कोण धाकटा, हे आवाज मोजून ठरायचं. राज्य चालवायचे पूर्ण अधिकार यशवंतरावांना मिळाले 1930 मध्ये. तेव्हा ते 21 वर्षांचे होते, माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान.

तक्त्याबाहेरचा माणूस

बाकीचे राजे जुन्या थाटाचे राजवाडे सजवत होते. यशवंतरावांनी काय केलं? जवळजवळ आपल्याच वयाचा एक जर्मन आर्किटेक्ट पकडला, एकार्ट मुथेझियस. त्याच्याकडून इंदूरला माणिकबाग पॅलेस उभा केला. 1930 ते 1933 हा त्याचा काळ. साध्या सरळ रेषा, धातूचं फर्निचर, दिवे बसवलेल्या लाल खुर्च्या आणि उन्हाळ्यासाठी एअर कंडिशनिंग. त्या काळात, तेही माळव्यात! पत्नी संयोगिताराजे कागलच्या घराण्यातल्या. पॅरिसमध्ये मॅन रे या प्रसिद्ध फोटोग्राफरनं दोघांचे फोटो काढले. ते आजही बघा, एखाद्या नवीन जोडप्याच्या इन्स्टा प्रोफाइलसारखे मोकळे वाटतात.

ब्रांकुशी या शिल्पकाराकडून त्यांनी उडत्या पक्ष्याची तीन शिल्पं घेतली. त्यांच्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं, पण ते कधी झालंच नाही.

क्रिकेटवाल्यांनो, तुमच्यासाठीही काही आहे. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू इंदूरला गेले ते वडिलांच्या काळात. यशवंतरावांच्या काळात होळकर संघानं चार वेळा रणजी ट्रॉफी जिंकली.

आता प्रश्न पडेल, हा पैसा कुणाचा? प्रामाणिक उत्तर असं, की तो माळव्यातल्या शेतकऱ्यांच्या साऱ्यातून आलेला. राजाची आवड भारी होती म्हणून हा हिशोब विसरायचा नसतो. तो पुढे येतोच.

केशरी-काळी ड्यूसेनबर्ग

यशवंतरावांना वेगाचं वेड होतं. त्यांच्या गाड्यांपैकी सगळ्यात गाजली ती 1935 ची ड्यूसेनबर्ग एसजे.

ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन कंपनी. जर्मनीहून आलेल्या फ्रेड आणि ऑगस्ट या भावांचं नाव तिला मिळालं. 1928 मध्ये त्यांचं मॉडेल जे आलं तेव्हा नुसत्या चासीची किंमत 8,500 डॉलर होती. नुसती चासी म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. वरची बॉडी गिऱ्हाइकानं वेगळ्या कारागिराकडून करून घ्यायची. फोर्डची साधी गाडी तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची, यावरून अंदाज करा. इंजिन आठ सिलिंडरचं, जवळपास सात लिटरचं, ताकद 265 हॉर्सपॉवर. त्याला सुपरचार्जर बसवला, म्हणजे इंजिनात जास्त हवा जबरदस्तीनं कोंबणारं यंत्र, की ती 320 वर जायची. ते मॉडेल एसजे. मॉडेल जे सगळी मिळून पाचशेहूनही कमी बनली आणि त्यात कारखान्यातून सुपरचार्जर लावून निघालेल्या एसजे मोजक्याच.

यशवंतरावांनी लांब चासी निवडली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे 13 फूट. आणि एवढ्या लांब गाडीत जागा फक्त दोघांची! बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बनवली, रंग केशरी आणि काळा. म्हणजे इंजिन अमेरिकेचं, बॉडी इंग्लंडची, मालक मराठी. गाडी तयार होत होती तेव्हा राजा सत्तावीसच्या आसपास होता. 1937 मध्ये ड्यूसेनबर्गचा कारखानाच बंद पडला.

मग किंमत कशी लावायची?

इथं जरा वही काढा, कारण हेच आमच्या जीपलाही लागू आहे.

पहिली गोष्ट, ओळख. चासीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि बॉडी मूळचीच एकमेकांची आहेत का? ड्यूसेनबर्गच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. बऱ्याच गाड्यांच्या बॉड्या नंतर बदलल्या गेल्या आणि साध्या मॉडेल जे वर मागाहून सुपरचार्जरही चढवले गेले. दिसायला दोन्ही सारख्या, भाव मात्र वेगळा.

दुसरी गोष्ट, अवस्था. चकचकीत रंग पाहून भुलायचं नाही. चासी गंजली आहे का, कुठले भाग मूळचे, कुठले नंतरचे, हे जाणकारानं गाडीखाली झोपून पाहावं लागतं. परदेशात अवस्थेला एक ते चार असे दर्जे देतात. एक म्हणजे स्पर्धेत ठेवण्यासारखी, चार म्हणजे जेमतेम चालणारी. एकाच गाडीची किंमत या दर्जांनुसार कितीतरी बदलते.

तिसरी गोष्ट, कागद. कुणी घेतली, कुठं दुरुस्त केली, कुणाला विकली, याची साखळी. मध्येच एक कडी तुटली, की भाव घसरलाच.

चौथी गोष्ट, खरा व्यवहार. जाहिरातीतला आकडा ही फक्त विकणाऱ्याची इच्छा असते. तशीच गाडी प्रत्यक्षात कितीला गेली, ते शोधायचं. 2018 मध्ये अमेरिकेत हॉलिवूडचा हीरो गॅरी कूपर याची ड्यूसेनबर्ग एसएसजे लिलावात 2 कोटी 20 लाख डॉलरला गेली. आपल्या हिशोबात दीडशे कोटींच्या आसपास. तशा आखूड चासीच्या एसएसजे फक्त दोन बनल्या होत्या. दुसरी क्लार्क गेबलकडे होती. उलट, साधी सेडान बॉडी असलेली मॉडेल जे दहा लाख डॉलरच्या आतही मिळून जाते. कंपनी तीच, इंजिन तेच. फरक केला तो दुर्मिळपणानं, कागदांनी आणि मालकाच्या नावानं.

म्हणून इंदूरच्या गाडीला छातीठोक आकडा लावता येत नाही. अशा बॉडीची दुसरी गाडीच नाही, मग तुलना कशाशी करणार? जाणकार अशा वेळी एक आकडा देत नाहीत, पट्टा देतात, इतक्यापासून इतक्यापर्यंत. आणि कशासाठी हवंय तेही विचारतात. विम्यासाठीची किंमत वेगळी, वाटणीसाठीची वेगळी, उद्याच विकायची तर आणखी वेगळी.

आपल्याकडे विम्याचा तक्ता तर उलटाच चालतो. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तिची किंमत निम्म्यावर येते. त्यापुढे तक्ता संपतो आणि मालक व कंपनी यांनी बसून ठरवायचं असतं. जुनी गाडी असेल तर तिथं तुमच्या हातात पुरावा हवा.

राजाचाही हिशोब झाला

1937 मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात गेल्या. मुलगी उषाराजे तेव्हा तीन वर्षांची. यशवंतरावांनी पुढे दोन लग्नं केली, दोन्ही पत्नी अमेरिकन. ब्रांकुशी इंदूरला येऊन मंदिर न बांधताच परत गेला.

मग स्वातंत्र्य आलं. 1948 मध्ये इंदूर मध्यभारतात विलीन झालं. त्या करारात प्रत्येक राजाला यादी द्यायची होती, काय राज्याचं आणि काय स्वतःचं. मघाशी म्हटलेला शेतकऱ्यांच्या पैशाचा हिशोब तो हाच. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र असलेल्या खजिन्याच्या मधोमध रेघ मारायची होती. इंदूरचा तनखा ठरला वर्षाला 15 लाख रुपये. ज्याची किंमत तोफांत मोजली जायची, त्याची आता रुपयांत ठरली.

5 डिसेंबर 1961 ला मुंबईत यशवंतराव गेले. वय फक्त 53. गाद्या गेल्यावर कितीतरी संस्थानिकांच्या गाड्या कवडीमोलानं विकल्या गेल्या, बऱ्याच परदेशी गेल्या. ही केशरी ड्यूसेनबर्गही अमेरिकेत परतली. माणिकबागमधलं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोला लिलावात निघालं आणि जगभरातल्या संग्राहकांनी ते उचललं. पॅलेसमध्ये पुढे कस्टम आणि एक्साइज खात्याचं ऑफिस आलं. 2019 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या म्युझियमनं यशवंतरावांवर अख्खं प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे मात्र हे नाव सांगितलं, की लोक अजून पहिल्या यशवंतरावांबद्दलच बोलायला लागतात.

मला यात एक गोष्ट लागली. आज त्या खुर्च्या, ते फोटो, ती गाडी कुणाची आणि कुठली हे जगाला सांगता येतं, कारण नोंदी राहिल्या. ऑर्डरी, फोटो, नंबर. ज्या वस्तूंच्या नोंदी हरवल्या, त्या कुठल्या तरी गोडाऊनमध्ये नुसत्या जुन्या वस्तू म्हणून पडल्या असतील.

आणि आमची जीप?

भंगारवाल्याला सध्या थांबायला सांगितलंय. आजीच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, जीपचं आरसी बुक सापडलं. साल 1971, नोंद अकोल्याची, कारण वाशिम जिल्हा झालाच 1998 मध्ये. सोबत दोन पावत्या आणि पोहरादेवीच्या यात्रेतला एक फोटो. आजोबा बोनेटवर हात ठेवून उभे आहेत. बाबा टॉर्च घेऊन जीपखाली शिरले आणि चासीवरचा नंबर पुसून पुसून वाचला. बुकातल्या नंबराशी जुळला!

50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, असा नियम 2021 पासून आहे. नव्या नोंदणीची फी 20 हजार, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर व्हीए ही अक्षरं. आमची जीप त्यात बसते का, हे जाणकार येऊन बघेल तेव्हा कळेल. तिचे पैसे कदाचित फार येणारही नाहीत. ती काही ड्यूसेनबर्ग नाही.

पण तुमच्याही घरामागे काहीतरी उभं असेलच. राजदूत असेल, फियाट असेल, नाहीतर ट्रॅक्टर. किलोवर घालण्याआधी एवढं करा. नंबर वाचा, कागद शोधा, फोटो काढा आणि ज्यांनी ती चालवली त्यांना आठवतंय तोवर सगळं विचारून लिहून ठेवा. विकायची की ठेवायची, ते नंतर ठरवता येईल. आमच्याकडे मांजरीला मात्र दुसरं घर शोधावं लागणार, एवढं नक्की.